आतड्यांचा दाह आणि आतड्यांचे स्नायू : एक अभ्यास

प्रास्ताविक

प्रतिवर्षीच्या प्रथेस अनुसरून अहवालाच्या या भागात आम्ही एका आजाराविषयी अभ्यासलेख सादर करीत आहोत. ज्या आजारांशी आमची रोज गाठ पडते त्यांची शास्त्रीय माहिती दाते, हितचिंतक, रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापर्यंत पोहोचावी, एवढाच त्यामागील हेतू आहे. या वर्षी आम्ही आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा विषय निवडला आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोहनचा आजार हे या गटातील दोन प्रमुख विकार होत. वैद्यकीय व्यवहारात या गटाला आयबीडी असे म्हटले जाते. या लेखात आम्ही ‘आंत्रदाह’ हा शब्द योजला आहे.

पोटविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात आंत्रदाहाचे रुग्ण आम्हांला तीन प्रश्न वारंवार विचारतात. पहिला प्रश्न असा : “डॉक्टरसाहेब, दिवसातून दहा-दहा वेळा जावे लागते, मग जुलाब थांबवणारी साधी गोळी का देत नाही?” दुसरा प्रश्न : “आता सहा महिने काहीच त्रास नाही; औषध अजून किती दिवस घ्यायचे?” तिसरा प्रश्न बहुधा खालच्या आवाजात विचारला जातो : “दुर्बिणीच्या तपासणीत आतडे बरे झाले असे तुम्ही म्हणता, मग पोटात कळ का येते? घरचे म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ आहेत.”

वरवर पाहता हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधू गेल्यास आपण एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो, ते म्हणजे आतड्याच्या भिंतीतील स्नायू. आंत्रदाह हा आतड्याच्या आतील अस्तराला पडणाऱ्या व्रणांचा आजार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रक्त तेथूनच पडते आणि दुर्बिणीलाही तेवढाच भाग दिसतो, त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. मात्र अस्तराच्या मागे असलेला, दुर्बिणीला न दिसणारा स्नायूंचा थरही या दाहात सापडतो. तो कधी सैल पडतो, कधी जाड व ताठर होतो, तर कधी दाह शमल्यावरही पूर्वपदावर येत नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे होणाऱ्या चुका रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून या स्नायूंचे कार्य आणि दाहामुळे त्यात होणारा बिघाड यांचा क्रमाने परिचय करून घेऊ.

निरोगी आतड्याची चाल

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. या संपूर्ण नळीच्या भिंतीत चार थर असतात. सर्वांत आत अन्नरस शोषून घेणारे श्लेष्मल अस्तर, त्याबाहेर रक्तवाहिन्यांनी युक्त असा सैल थर, त्याबाहेर स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर पातळ वेष्टन. स्नायूंच्या थराचेही दोन पदर असतात. आतील पदराचे तंतू नळीभोवती कड्याप्रमाणे वेढलेले, तर बाहेरील पदराचे तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने असतात. हाताच्या स्नायूंप्रमाणे हे स्नायू आपल्या इच्छेने चालत नाहीत. ते अनैच्छिक स्नायू आहेत.

या स्नायूंची हालचाल मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिली म्हणजे अन्न पुढे ढकलणारी लाट, तिला क्रमसंकोच असे म्हणतात. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवताना जसे मागचे कापड गोळा होते आणि पुढचे मोकळे होते, तसे अन्नाच्या गोळ्यामागचे आतडे आवळते आणि पुढचे सैल पडते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून हा नियम मांडला. दुसरी हालचाल अन्न पुढे न ढकलता जागच्या जागी घुसळण्याची. ठरावीक अंतरावर कडी आवळतात आणि सुटतात, त्यामुळे अन्न पाचकरसांत मिसळते व अस्तराच्या संपर्कात अधिक काळ राहते. ही दुसरी हालचाल एका अर्थाने आतड्याचा ब्रेक होय. पुढील विवेचनात तिचे महत्त्व स्पष्ट होईल. याशिवाय मोठ्या आतड्यात दिवसातून मोजक्या वेळा, विशेषतः सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर, एक जोरकस लाट येते आणि मळ गुदाशयाकडे लोटला जातो. सकाळच्या शौचाची भावना होते ती यामुळेच.

या हालचालींची लय राखणाऱ्या पेशी स्नायूंच्या पदरांत विखुरलेल्या असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना काहाल पेशी असे नाव पडले. चेतासंस्थेच्या रचनेवरील संशोधनासाठी काहाल यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक गोल्जी यांच्यासमवेत मिळाले होते. या पेशी हृदयातील स्पंदनकेंद्राप्रमाणे ठेका धरतात. लहान आतड्याच्या आरंभी हा ठेका मिनिटाला सुमारे १२, तर शेवटच्या भागात सुमारे ८ इतका असतो. स्नायूंच्या दोन पदरांमध्ये मज्जातंतूंचे एक दाट जाळेही पसरलेले आहे. जर्मन शास्त्रज्ञ आउअरबाख यांच्या नावाने ते ओळखले जाते. कोट्यवधी मज्जापेशी असलेली ही यंत्रणा मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता आतड्याचा दैनंदिन कारभार चालवू शकते.

या कारभाराची व्याप्ती मोठी आहे. आपण प्यालेले पाणी व शरीरातील पाचकरस मिळून दररोज सुमारे ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातील एक-दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो आणि शेवटी मळावाटे साधारण १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. शोषणाचे काम अस्तर करते हे खरे. पण अस्तराला त्यासाठी लागणारा अवधी स्नायू मिळवून देतात.

एकाच गटातील दोन आजार

अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन इंग्लंडमध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली केले. हा दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्यात सलगपणे वर चढत जातो. तो प्रामुख्याने अस्तरापुरता मर्यादित असतो. रक्त व आव पडणे, मुरडा येणे आणि शौचाची अनावर घाई ही त्याची मुख्य लक्षणे होत.

क्रोहनचा आजार १९३२ साली न्यूयॉर्क येथील क्रोहन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघा डॉक्टरांच्या निबंधामुळे स्वतंत्र आजार म्हणून मान्यता पावला. हा दाह तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते स्थान आहे. तो सलग नसतो, मध्येमध्ये निरोगी भाग सुटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आतड्याच्या भिंतीचे सर्व थर भेदून आरपार जातो.

दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत. अनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील सूक्ष्मजीव आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचा बिघडलेला तोल यांच्या संयोगातून ते उद्भवतात. बहुसंख्य रुग्ण ऐन तारुण्यात असतात. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन् महिने घरगुती उपाय करण्याची पद्धत आहे. तरुण माणसाला रक्तासोबत आव पडत असेल आणि वारंवार शौचास जावे लागत असेल, तर मूळव्याधीचे निदान गृहीत धरू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

दाह स्नायूंपर्यंत पोहोचतो कसा?

क्रोहनच्या आजारात दाह प्रत्यक्षच स्नायूंमध्ये शिरतो, हे समजण्यास सोपे आहे. परंतु कोलायटिसमध्ये व्रण अस्तरात असताना स्नायू का बिघडावेत? याचे उत्तर दाहाच्या रासायनिक दूतांत आहे. प्रतिकारपेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन अशा नावांची प्रथिने स्रवतात. ही प्रथिने अस्तराची हद्द ओलांडून स्नायूंपर्यंत पोहोचतात. स्नायूंच्या थरातही काही प्रतिकारपेशी एरवी शांतपणे वास्तव्य करून असतात. त्याही जागृत होतात आणि दाहात भर घालतात.

स्नायुपेशी आकुंचन पावण्यासाठी तिच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून कॅल्शियम आत यावे लागते. दाहाच्या दूतांमुळे ही द्वारे कमी होतात व नीट उघडत नाहीत. परिणामी मज्जातंतूंकडून आज्ञा येऊनही स्नायू पुरेशा जोराने आवळत नाही. दाहग्रस्त भागात नायट्रिक ऑक्साइड हा वायूही मोठ्या प्रमाणात तयार होतो. अल्प प्रमाणात तो स्नायू सैल करण्याचे नित्याचे काम करतो. प्रमाण वाढले की स्नायू लुळे पडू लागतात. दाहग्रस्त आतड्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत काहाल पेशींची संख्या घटलेली आणि मज्जातंतूंच्या जाळ्याला इजा झालेली आढळते. म्हणजे ठेका धरणारे, आज्ञा देणारे आणि काम करणारे, असे तिघेही एकाच वेळी बाधित होतात.

दाहाने स्नायू नेहमी दुबळाच होतो असे मात्र नाही. प्राण्यांच्या आतड्यात कृमींचा संसर्ग घडवून केलेल्या प्रयोगांत एक उद्बोधक गोष्ट दिसली. प्रतिकारशक्ती ज्या पद्धतीने उत्तर देते त्यानुसार स्नायूचे वर्तन बदलते. एका पद्धतीच्या प्रतिसादात तो शिथिल होतो, तर कृमींविरुद्धच्या विशिष्ट प्रतिसादात तो अधिक जोराने आवळतो आणि कृमींना बाहेर लोटण्यास साहाय्य करतो. स्नायू हा शरीराच्या संरक्षणयंत्रणेचाच एक भाग आहे, हे यातून ध्यानात येते. याच स्वरूपाच्या प्रयोगांत, कृमी नाहीसे होऊन अस्तराचा दाह ओसरल्यानंतरही स्नायूंचे बदललेले वर्तन काही आठवडे टिकून राहिल्याचे आढळले. रुग्णांच्या तिसऱ्या प्रश्नाचे बीज येथे आहे.

कोलायटिस : सैल स्नायू आणि जुलाब

जुलाब होतात म्हणजे आतडे जोरात चालत असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच मोठ्या आतड्यातील दाब मोजून केलेल्या अभ्यासांनी याच्या उलट चित्र दाखविले. सक्रिय कोलायटिसमध्ये आतड्याचे घुसळणारे आकुंचन कमी झालेले असते. म्हणजेच आपण वर ज्याला ब्रेक म्हटले तो ढिला पडतो. दाहामुळे अस्तर क्षार व पाणी शोषून घेऊ शकत नाही आणि त्याचवेळी हा पातळ मळ थोपवून धरणारी कडीही आवळत नाहीत. परिणामी सैल नळीतून तो सहज खाली वाहतो. त्यात भर म्हणून पुढे लोटणाऱ्या जोरकस लाटा अवेळी व वारंवार येऊ लागतात.

गुदाशयाची अवस्था आणखी निराळी असते. निरोगी गुदाशय पिशवीप्रमाणे ताणला जाऊन मळ साठवितो व सोयीच्या वेळेपर्यंत धीर धरू देतो. दाहग्रस्त गुदाशय ताणलाच जात नाही आणि त्याच्या संवेदना अतितीव्र झालेल्या असतात. चमचाभर आव आला तरी तो भरल्याची सूचना देतो. एसटीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी उपाशी राहणारे, नव्या ठिकाणी गेल्यावर प्रथम शौचालय शोधून ठेवणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. त्यांची ही घाई मनाच्या दुबळेपणातून आलेली नसते.

दीर्घकाळ चाललेल्या कोलायटिसमध्ये अस्तराच्या तळाशी असलेला स्नायूंचा पातळ पदर जाड होतो, मोठ्या आतड्याला नैसर्गिकरीत्या असणारे फुगीर कप्पे नाहीसे होतात व आतडे आखूड होते. बेरियमच्या क्ष-किरण चित्रात ते सरळसोट दिसते. रेडिओलॉजिस्ट त्यास शिशाच्या नळीची उपमा देतात. याउलट, दाह केवळ गुदाशयाजवळच्या भागात असेल तर वरच्या भागात मळ साचून बद्धकोष्ठ होते. असा रुग्ण दिवसातून अनेकदा रक्त व आव टाकतो, पण मळ मात्र अडकलेला असतो. त्याला जुलाब समजून संडास बांधणारी गोळी दिल्यास त्रास वाढतोच.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा चढउताराचा आजार आहे. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांनी या आजारामुळे २००७ साली पद सोडले, नव्याने उपलब्ध झालेल्या औषधाने आजार आटोक्यात आल्यावर २०१२ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि आजाराने पुन्हा उचल खाल्ल्यामुळे ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. योग्य उपचारांनी माणूस मोठी जबाबदारी पेलू शकतो आणि आजाराला गाफीलपणा चालत नाही, असे दोन्ही धडे या एका उदाहरणात आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर

तीव्र कोलायटिसमध्ये दाह खोलवर जाऊन स्नायूंच्या मुख्य थराला लुळे करतो, तेव्हा मोठे आतडे फुग्याप्रमाणे फुगू लागते. क्ष-किरण चित्रात आडव्या मोठ्या आतड्याची रुंदी ६ सेंटिमीटरहून अधिक झाली आणि सोबत ताप, जलद नाडी, ग्लानी अशी विषबाधेसारखी लक्षणे असली, की त्या अवस्थेस टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. ताणलेली भिंत पातळ होऊन फुटण्याचा धोका असतो. औषधांनी लवकर सुधारणा न झाल्यास तातडीने शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढून टाकावे लागते.

जुलाब थांबविणारी लोपेरामाइडसारखी औषधे, अफूजन्य वेदनाशामके आणि पोटातील कळ थांबविण्यासाठी सर्रास दिली जाणारी डायसायक्लोमिनसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात. आधीच लुळ्या पडू लागलेल्या स्नायूंना ती आणखी शिथिल करतात. जुलाबावाटे पोटॅशियम कमी झाले असेल तर स्नायू अधिकच दुबळे होतात. फसवी गोष्ट अशी, की मेगाकोलन होऊ लागल्यावर शौचाची संख्या कमी होते. कुटुंबीयांना वाटते, गोळी लागू पडली. पोट फुगलेले, रुग्ण मलूल आणि शौचास मात्र कमी होते, ही सुधारणा नव्हे. ती धोक्याची घंटा आहे.

ऑक्सफर्ड येथील ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली तीव्र कोलायटिस ओळखण्याचे निकष दिले. ते इतके सुटसुटीत आहेत की आजही जगभर वापरले जातात. दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत १०० अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, मिनिटाला ९० हून अधिक नाडी, १०.५ हून कमी हिमोग्लोबिन अथवा ३० हून अधिक ईएसआर यांपैकी एक जरी गोष्ट असली, तर रुग्णास रुग्णालयात दाखल केले पाहिजे. ताप आणि नाडी तर घरीच पाहता येतात. सौम्य आजारात जुलाबरोधक गोळी कधी देता येते. परंतु तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणण्यास आम्ही विरोध करतो, तो एवढ्यासाठीच.

क्रोहनचा आजार : जाड स्नायू आणि अरुंद वाट

क्रोहनच्या आजारात स्नायूंची कहाणी वेगळे वळण घेते. येथे दाह आरपार असल्याने शरीर जखम भरण्याची प्रक्रिया भिंतीच्या प्रत्येक थरात सुरू करते. स्नायुपेशी संख्येने व आकाराने वाढतात. दाहाच्या दीर्घ सहवासात त्या आपले आकुंचनाचे काम मागे ठेवून कोलॅजन हा चिवट तंतू तयार करू लागतात. ज्या आतड्याची भिंत सोनोग्राफीत साधारणतः ३ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असते, ती काही पटींनी जाड होते आणि आतील वाट अरुंद होत जाते.

अडथळ्याच्या वरच्या बाजूचे स्नायू प्रारंभी अधिक जोर लावतात. जेवणानंतर काही वेळाने पोटात मुरडून कळ येणे, गुडगुड आवाज होणे, गोळा उठून फिरल्यासारखा वाटणे आणि थोड्या वेळाने सुटल्यासारखे वाटणे, ही त्या झुंजीची लक्षणे. पुढे ते स्नायू थकतात, आतडे फुगते, त्यात अन्न तुंबून जंतू वाढतात. उलट्या होतात, वजन घटते. कधी एखाद्या दिवशी वाट पूर्ण बंद होते.

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. अनेक वर्षे पोटदुखीचे झटके सोसल्यानंतर जून १९५६ मध्ये त्यांचे आतडे अचानक अडले व ९ जून रोजी पहाटे वॉशिंग्टन येथील लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोहनचा आजार होऊन वाट अरुंद झाली होती. शल्यविशारदांनी तो भाग वगळून अन्नाला दुसरी वाट काढून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले.

येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अरुंद झालेल्या भागात काही अंश दाहाच्या सुजेचा असतो, तर काही अंश वाढलेल्या स्नायूंचा व तंतूंचा. सूज औषधांनी उतरते. एकदा तयार झालेला चिवट तंतूंचा भाग मात्र आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाने विरघळविता येत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ओल्मस्टेड परगण्यात क्रोहनच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. त्यात निदानानंतर २० वर्षांच्या अवधीत सुमारे निम्म्या रुग्णांत आतडे अरुंद होणे किंवा भिंत भेदून नासूर होणे, यांपैकी एक गुंतागुंत झाल्याचे आढळले. हे घडत असताना रुग्णाला दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील हे अंतर आहे. औषध बंद करण्याचा निर्णय लक्षणांवरून घेता येत नाही, त्यासाठी मळातील कॅलप्रोटेक्टिन, सोनोग्राफी, एमआर एंटेरोग्राफी व दुर्बिणीची तपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. टीएनएफला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली क्रोहनसाठी व २००५ साली कोलायटिससाठी मान्य झाले. त्यानंतर आणखीही प्रभावी औषधे आली. परंतु ती सर्व आतड्याची वाट बुजण्यापूर्वी दिली तरच त्यांचा पुरता उपयोग होतो.

अरुंद भाग लहान असेल तर दुर्बिणीतून फुगा नेऊन तो रुंद करता येतो, अन्यथा शस्त्रक्रिया करावी लागते. या संदर्भात एक गोष्ट नमूद करताना आम्हांस अभिमान वाटतो. अरुंद आतडे कापून टाकण्याऐवजी त्यावर लांबीच्या दिशेने छेद घेऊन तो आडवा शिवावा, म्हणजे वाट रुंद होते व आतडे वाचते, ही पद्धत आतड्याच्या क्षयरोगासाठी भारतातील कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. पुढे ऑक्सफर्डचे शल्यविशारद इमॅन्युएल ली यांनी १९८० च्या दशकात ती क्रोहनच्या रुग्णांसाठी वापरली आणि ती जगभर रूढ झाली.

क्षयरोगाचा उल्लेख आपल्या देशात अपरिहार्य आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोहन हे दोन्ही आजार लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ होतात, दोहोंत व्रण पडतात, दोहोंत आतडे अरुंद होते. क्षयाला क्रोहन समजून स्टेरॉइड किंवा टीएनएफरोधक औषध दिल्यास क्षय शरीरभर पसरू शकतो. उलट क्रोहनला क्षय समजून औषधे लांबवत नेल्यास मोलाचे महिने वाया जातात आणि त्या काळात आतड्याची भिंत जाड होत राहते. म्हणून शंका असताना क्षयाची औषधे सुरू केली तर सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहणे आवश्यक असते. व्रण भरले नसतील तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. “एकदा तपासणी झाली आहे, आता पुन्हा कशाला?” असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना आमचे हेच सांगणे असते.

दाह शमल्यानंतरची कळ

आता तिसरा प्रश्न. आंत्रदाह शमलेल्या अवस्थेत असतानाही साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांना पोटदुखी, फुगणे, शौचाची अनियमितता असा त्रास होत राहतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. अस्तर नव्या पेशींनी काही दिवसांत भरून निघते. स्नायू आणि मज्जातंतू यांची डागडुजी मात्र सावकाश व अपुरी होते. संवेदना वाहणारे तंतू अतितीव्र राहिल्यामुळे नेहमीचे आकुंचनही कळ म्हणून जाणवते.

तेव्हा हा त्रास खरा आहे. रुग्णाला “तुला काही झालेले नाही” असे म्हणणे अन्यायाचे होय. त्याचबरोबर, प्रत्येक कळ म्हणजे आजार उलटला असे समजून स्टेरॉइडची मात्रा वाढविणेही चुकीचे आहे. प्रथम दाह खरोखर शमला आहे, वाट अरुंद झालेली नाही याची खात्री करावी. त्यानंतर आहारात फेरबदल, पुरेशी झोप, श्वसनाचे व्यायाम, आणि आवश्यक तेथे मज्जातंतूंची संवेदना सौम्य करणारी अल्प मात्रेतील औषधे यांचा उपयोग होतो. अशी काही औषधे मुळात नैराश्यासाठी वापरली जातात. ती दिली म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरविले, असा ग्रह करून घेऊ नये.

रुग्ण व कुटुंबीयांसाठी सूचना

१. शौचावाटे रक्त व आव दोन आठवड्यांहून अधिक काळ पडत असेल तर तपासणी करून घ्यावी.

२. जुलाब किंवा पोटातील कळ थांबविणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोट फुगणे, ताप येणे किंवा शौचाची संख्या एकाएकी कमी होऊन ग्लानी येणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

३. बरे वाटू लागल्यावर औषध परस्पर बंद करू नये. स्टेरॉइड एकदम थांबवू नये व स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नये.

४. सांधेदुखी किंवा डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके टाळावीत. त्यांनी आंत्रदाह उफाळू शकतो.

५. आतडे अरुंद झाल्याचे निदान असेल तर संत्र्या-मोसंबीची साल व चोथा, पेरूच्या बिया, मक्याचे दाणे, कच्च्या पालेभाज्या टाळाव्यात. मऊ भात, मुगाचे वरण, शिजवून घोटलेली भाजी, ताक सोसत असल्यास ताक असा आहार थोडा थोडा व चावून घ्यावा.

६. क्रोहनच्या रुग्णाने धूम्रपान पूर्णतः सोडावे. त्याने आजार बळावतो व शस्त्रक्रियेची शक्यता वाढते.

७. टीएनएफरोधक औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी अनिवार्य समजावी.

समारोप

आंत्रदाहाचे उपचार दीर्घकाळ चालतात आणि काही औषधे महाग आहेत. अनेक रुग्ण औषध बंद करतात ते कंटाळून नव्हे, तर घरखर्चाचा मेळ बसत नाही म्हणून. आणि संकोचामुळे ते आम्हांला सांगतही नाहीत. अशा रुग्णांनी औषध थांबविण्यापूर्वी समाजसेवा विभागात जरूर भेटावे, ही विनंती. आपल्यासारख्या दात्यांच्या साहाय्याचे मोल येथे विशेष आहे. वेळेवर मिळालेल्या औषधाने जो दाह शमतो, तोच उपेक्षिला गेल्यास आतड्याच्या भिंतीत कायमचा घट्ट होऊन बसतो, आणि मग ती वाट मोकळी करण्यास शल्यविशारदाचा हात लागतो. अस्तराची जखम दिसते म्हणून तिची काळजी घेतली जाते. न दिसणाऱ्या स्नायूंचीही तितकीच काळजी घेतली जावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.